दाढीचे तेल आणि त्याची किंमत

"तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले" ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. दाढीस लावावयाच्या तेलाची बाटली विकत घेऊन घरी येणाऱ्या गृहस्थाची अवस्था पुष्कळदा या म्हणीस साजेशी होते. बाटलीची काच गडद रंगाची व सुरेख असते, टोपणास थेंब मोजून सोडण्याची नळी असते, वर एखाद्या दूरदेशीच्या झाडाचे नाव असते. आणि आतील तेल पाहावे तो बहुधा तीसच मिलिलिटर! तेवढ्याच पैशांत घाण्यावरचे किती तेल आले असते, असा विचार मनात येतो. परंतु तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

हा विषय क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेता येईल. तथापि मनुष्यजात केसांस तेल लावू लागली त्याला हजारो वर्षे लोटली, आणि या सर्व काळात सामान्य मनुष्यापुढे एकच कोडे राहिले आहे. रोज लागणाऱ्या तेलासाठी किती मोजावे, आणि आपण जे मोजतो ते तेलासाठी की नावासाठी? या कोड्याचा उलगडा इतिहासाने अनेकदा करून ठेवला आहे. मात्र दुकानात उभे असता तो आठवत नाही, एवढेच.

प्रारंभ दाढीच्या माहेरघरापासून करणे योग्य होईल. तैग्रिस व युफ्रेटिस या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात दाढी हे पौरुषाचे व अधिकाराचे लक्षण मानले जात असे. असुर राजांच्या महालांतील शिल्पपट्टांवर राजांच्या दाढ्या ओळीओळीने कुरळ्या केलेल्या व नेटकेपणे विंचरलेल्या दिसतात. असे काही शिल्पपट्ट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत. ज्यास इच्छा असेल त्याने ते जरूर पाहावेत. तेलावाचून अशी दाढी राखणे कठीणच. परंतु ते तेल कोणते होते? इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेविले आहे की, बाबिलोनचे लोक तिळाच्या तेलावाचून दुसरे तेल वापरीत नाहीत. ग्रीस देशात ऑलिव्हचे तेल घरोघर असल्यामुळे त्यास या गोष्टीचे नवल वाटले असावे. आपल्याकडे मात्र यात नवल वाटण्यासारखे काहीच नाही. तेल या शब्दाचा उगमच तीळ या शब्दात आहे. ज्या प्रदेशात जे बी पिकते, त्याचे तेल तेथील दाढीस, हा या इतिहासातला पहिला धडा होय.

त्याच प्रदेशात मंदिरांच्या व राजवाड्यांच्या नोकरांस जे वेतन मिळे, ते नाण्यांत नसून वस्तूंत असे: धान्य, लोकर आणि तेल. पोटास धान्य, अंगावर घालावयास लोकर आणि अंगास व केसांस लावावयास तेल. तेलाची गणना चैनीत नसून गरजेत होती, हे यावरून स्पष्ट होते.

याहून बोलका पुरावा इजिप्त देशात सापडतो. तेथील पुरुष बहुधा दाढी राखीत नसत. परंतु अंगास व डोक्यास तेल लावल्यावाचून त्यांचा दिवस जात नसे. इ. स. पू. ११५० च्या सुमारास, तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे वेतन थकले. तेव्हा ते कारागीर काम टाकून आपल्या वस्तीबाहेर पडले आणि एका मंदिराच्या मागे जाऊन बसले. इतिहासास ज्ञात असलेला कामगारांचा हा पहिला संप मानतात. त्याची हकीकत एका पपायरसावर लिहिलेली असून तो आज इटलीतील तुरिन शहरी आहे. कारागिरांनी अधिकाऱ्यांस सांगितले की, भुकेने व तहानेने आम्ही येथवर आलो. आमच्यापाशी वस्त्रे नाहीत, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. या यादीत तेलाचा क्रम पाहण्यासारखा आहे. मासळीच्या व भाजीच्याही आधी त्यांनी तेलाचे नाव घेतले. उपाशी मनुष्यदेखील चारचौघांत रुक्ष अंगाने व पिंजारलेल्या केसांनी वावरण्यास लाजतो. सामान्य मनुष्याच्या दृष्टीने तेल ही अब्रूची वस्तू आहे, आणि म्हणूनच ते परवडणे महत्त्वाचे आहे.

परंतु याच्या जोडीस दुसरेही एक तेल पूर्वीपासून चालत आले आहे. यहुदी धर्मग्रंथातील एका स्तोत्रात अहरोन या पुरोहिताच्या दाढीवरून ओघळणाऱ्या मौल्यवान तेलाचे वर्णन येते. ते तेल कसे करावे, याची कृती ‘निर्गम’ या ग्रंथात दिली आहे. बोळ पाचशे शेकेल, दालचिनी अडीचशे, सुगंधी वेत अडीचशे, तज पाचशे, आणि या सर्वांस ऑलिव्हचे तेल एक हिन, म्हणजे काही शेरच. सुगंधी द्रव्ये मणांनी आणि तेल शेरांनी, असा हा हिशेब आहे. त्याच ठिकाणी अशीही सक्त आज्ञा आहे की, हे तेल इतर मनुष्यांच्या अंगास लावू नये व त्यासारखे दुसरे कोणी करू नये. म्हणजे देवाचे तेल निराळे व घरचे तेल निराळे, ही वाटणी त्या काळीच झालेली होती. पुढे झाले ते एवढेच की, व्यापाऱ्यांनी देवाच्या तेलाची ऐट घरच्या तेलास चढविली आणि किंमतही तशीच लावली.

रोमन साम्राज्यात या ऐटीने कळस गाठला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेला पंडित प्लिनी याने सुगंधी तेलांवर कडक टीका केली आहे. मोती व रत्ने वारसास तरी मिळतात, वस्त्रे काही दिवस तरी टिकतात. सुगंध मात्र लावताक्षणी उडून जातो, आणि ज्याने लावला त्यास तो फारसा जाणवतही नाही, असा त्याचा आक्षेप होता. अशा तेलाची किंमत पौंडास चारशे दिनारांहून अधिक जाते, असे तो सांगतो. त्या काळी रोमन पायदळातील शिपायाचा वार्षिक पगार दोनशे पंचवीस दिनार होता. अर्थात् एक पौंड सुगंधी तेलासाठी शिपायास सुमारे पावणेदोन वर्षे लढावे लागले असते! साधे ऑलिव्हचे तेल मात्र त्याच शिपायाच्या शिध्यात समाविष्ट होते. दोहोंच्या तळाशी तेल तेच होते. चारशे दिनार पडत होते ते सुगंधासाठी आणि त्या सुगंधाच्या दूरच्या प्रवासासाठी.

हिंदुस्थानात या दोन तेलांच्या मधला एक शहाणा मार्ग फार पूर्वी निघाला. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सुखवस्तू नागरकाची दिनचर्या दिली आहे. तीत नित्य स्नान, एक दिवसाआड अंग मर्दन, व दर चौथ्या दिवशी श्मश्रू असा क्रम आहे. आयुर्वेदानेही तेलाचा अभ्यंग हा सणासुदीचा सोहळा न मानता रोजचा आचार मानला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचे एक संपूर्ण प्रकरण असून त्यात केसांस लावावयाच्या सुगंधी तेलाची कृती आहे.

यापुढे हा सुगंध स्वस्त करण्याची जी युक्ती निघाली, ती सांगण्यासारखी आहे. तेलात महाग द्रव्ये कालविण्याऐवजी स्वच्छ धुतलेल्या तिळांचा थर द्यावयाचा, त्यावर मोगऱ्याच्या किंवा चमेलीच्या ताज्या फुलांचा थर घालावयाचा, फुले कोमेजली म्हणजे ती काढून नवी घालावयाची, आणि तिळांनी पुरेसा वास शोषून घेतला म्हणजे ते घाण्यात घालून गाळावयाचे. यासच उत्तरेकडे फुलेल म्हणतात. कनोज व जौनपूर ही शहरे या धंद्यासाठी प्रसिद्ध झाली. या कृतीत तेलही जवळचे आणि फुलेही जवळचीच. फुलेल करणाऱ्याने वास कितीदा भरला, यावर त्याचा भाव ठरे. अधिक ऐपतीच्या मनुष्याने अधिक वेळा फुले बदललेले तेल घ्यावे, बेताच्या मनुष्याने कमी वेळा बदललेले घ्यावे; दोघांच्याही दाढीस तिळाचे तेल मात्र तेच. अकबराच्या दरबारात अत्तरांसाठी स्वतंत्र खाते होते आणि अबुल फजलने आइने-अकबरीत सुगंधी द्रव्यांचे भावही नोंदवून ठेविले आहेत. बादशहाची गोष्ट बादशहापाशी. गावातला तेली व त्याचा लाकडी घाणा हेच बहुतेकांचे अत्तरखाते होते.

आता दृष्टी विलायतेकडे वळविली पाहिजे. कारण आज बाटलीवर जे नाव, जे आश्वासन व जी किंमत दिसते, तिचा नमुना तेथे घडला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील न्हाव्यांच्या दुकानांत केसांसाठी अस्वलाची चरबी विकली जात असे. अस्वलास केस दाट, म्हणून त्याच्या चरबीने मनुष्यासही केस दाट यावेत, असा हा तर्क होता. तो नवीन नव्हता. इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसातही टकलावर सिंह, पाणघोडा, मगर इत्यादी प्राण्यांच्या चरबीचा उपाय सांगितला आहे; तेथे तर बिनकेसाची मगरही उपयोगी पडली! अस्वले दुर्मिळ आणि गिऱ्हाइके पुष्कळ, तेव्हा अस्वलाच्या नावाखाली डुकराची चरबी खपू लागली यात आश्चर्य नाही.

अशा वेळी अलेक्झांडर रोलंड नावाच्या लंडनमधील केशकर्तनकाराने एक तेल पुढे आणले आणि त्यास ‘मकासर तेल’ असे नाव दिले. मकासर हे सुलावेसी बेटावरील, आजच्या इंडोनेशियातील, बंदर होय. नाव दूरचे व मधुर होते, आणि चरबीपेक्षा तेल स्वच्छही होते. त्याच्या मुलाने जाहिरातीची कला अशी साधली की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी वर्तमानपत्र उघडावे आणि त्यात रोलंडचे तेल नसावे असे क्वचितच होई. कवी बायरन याने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन ह्वान’ या काव्यात आणि लुइस कॅरोल याने १८७१ मधील ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या पुस्तकात त्याचा थट्टेने उल्लेख केला. मखमली खुर्च्यांच्या पाठीवर त्या तेलाचे डाग पडू लागल्यामुळे गृहिणींनी तेथे विणलेले रुमाल घातले. त्या रुमालांस इंग्रजीत जे नाव पडले, त्याचा अर्थच ‘मकासर-निवारक’ असा आहे. पुण्यामुंबईच्या घरांतील खुर्च्यांवर क्रोशाचे जे रुमाल पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले, आणि रेल्वेच्या खुर्चीयानात डोके टेकावयाच्या जागी जे पांढरे कापड असते, ते त्याच कुळातले.

१८५० नंतर तर या तेलास नवे क्षेत्र मिळाले. इंग्रज समाज बराच काळ गुळगुळीत दाढी करीत असे. परंतु १८५३ च्या ऑगस्ट महिन्यात डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात दाढी का करावी, असा प्रश्न विचारणारा लेख आला. पाठोपाठ क्रिमियाच्या युद्धातील कडाक्याच्या थंडीत सैनिकांनी दाढ्या राखल्या, आणि ते वीर परत आल्यावर दुकानदारांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांच्या हनुवटीवर केस दिसू लागले. रोलंडच्या जाहिराती डोक्याच्या केसांबरोबर कल्ल्यांचे व मिशांचे केसही वाढविण्याची हमी आधीपासूनच देत होत्या.

त्या जाहिरातींतील भाव आज वाचावयास मिळतात, आणि ते शाळेतल्या गणिताप्रमाणे सोडवून पाहण्यासारखे आहेत. लहान बाटलीची किंमत साडेतीन शिलिंग होती. चार लहान बाटल्यांएवढे तेल असलेल्या ‘कुटुंब-बाटली’ची किंमत साडेदहा शिलिंग, आणि तिच्या दुप्पट आकाराच्या बाटलीची एकवीस शिलिंग. चार लहान बाटल्या सुट्या घेतल्या तर चौदा शिलिंग पडत. म्हणजे कुटुंब-बाटली घेणाऱ्याचे साडेतीन शिलिंग, बरोबर एका बाटलीचे पैसे, वाचत. परंतु सर्वांत मोठी बाटली घेणाऱ्याचे यापुढे काय वाचत होते? काहीच नाही. साडेदहाची दुप्पट एकवीस! मोठ्या बाटलीत अधिक बचत असते, ही समजूत बाळगणाऱ्याने हे त्रैराशिक अवश्य मांडून पाहावे. शिवाय तेवढे तेल संपेपर्यंत ते खवट होण्याची धास्ती निराळीच.

त्या काळी इंग्लंडातील शेतमजुराची आठवड्याची मजुरी सरासरी साडेनऊ शिलिंगांच्या आसपास होती. म्हणजे लहानशा एका बाटलीसाठी त्यास आठवड्यातले दोन दिवसांहून अधिक राबावे लागले असते. साहजिकच या तेलाच्या नकला निघाल्या. खुद्द रोलंडच्या जाहिराती नकलांपासून सावध राहण्याची सूचना वारंवार देत. घरगुती कृतींची जी पुस्तके त्या शतकात निघाली, त्यांत मकासर तेल घरी कसे करावे हेही छापले गेले. ती कृती वाचून कोणाचाही भ्रमनिरास व्हावा. ऑलिव्हचे, बदामाचे किंवा तत्सम साधे तेल घ्यावे, रतनजोतीच्या जातीच्या मुळ्या त्यात भिजवून तांबडा रंग आणावा, आणि वासासाठी काही सुगंधी अर्काचे थेंब टाकावेत. मकासर बंदराचा त्यात ठिकाणा नाही! ज्या गृहिणीने हे घरी केले, तिच्या यजमानांची दाढी रोलंडच्या गिऱ्हाइकाइतकीच मऊ राहिली असेल. कारण दाढीस नाव वाचता येत नाही.

मकासर या नावामागे एक झाड मात्र खरोखर आहे, आणि ते आपल्या चांगले ओळखीचे आहे. इंग्रजीत ज्यास ‘मकासर तेलाचे झाड’ म्हणतात, ते म्हणजे आपल्याकडील कोशिंब अथवा कुसुंब. वसंतात त्याची कोवळी पालवी अशी लालभडक फुटते की दुरून फुलोऱ्याचा भास व्हावा. करडईच्या कुसुंब्याशी याचा संबंध नाही. हा मोठा वृक्ष सह्याद्रीच्या उतारांवर, विदर्भाच्या रानांत आणि मध्य हिंदुस्थानात आढळतो. याच्यावर उत्तम प्रतीची लाख धरते, आणि याच्या बियांचे तेल वनवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या दिव्यास व केसांस वापरीत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अर्थात् म्हणून ते तेल आज कोणी मुद्दाम शोधून आणावे असे नाही. त्या बियांत विषारी सायनोजन्य द्रव्ये असतात, आणि रोजच्या वापरासाठी त्याहून निर्धोक तेले घरात असतात. यातून घ्यावयाचे ते एवढेच की, दूरच्या नावाची मोहिनी जवळच्या वस्तूस डोळ्यांआड करते.

विलायतेची ही जाहिरातविद्या हिंदुस्थानी उद्योजकांनीही लवकरच आत्मसात केली. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ नावाचे केशतेल काढले आणि १८९६ मध्ये कथास्पर्धा सुरू केली. कथेत कुंतलीनचे नाव तर यावे, पण कथा जाहिरात वाटू नये, अशी त्यांची अट होती. पहिल्या वर्षीचे बक्षीस ज्या कथेस मिळाले, तीत समुद्रातील चक्रीवादळ केशतेलाच्या एका बाटलीने शांत होते. लेखक होते थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू! तेलाने पाण्याच्या पृष्ठभागावर होणारा परिणाम त्यांस ठाऊक होता, आणि तेलाच्या जाहिरातींत कितपत अतिशयोक्ती चालते हेही ठाऊक असावे. वादळ शमविणाऱ्या तेलाची ती गोष्ट बंगाली भाषेतील आरंभीच्या विज्ञानकथांपैकी एक म्हणून आज वाचली जाते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत जिलेट यांचा सुरक्षित वस्तरा १९०३ मध्ये विक्रीस आला. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या पिशव्यांत पोहोचला, आणि दाढ्यांबरोबर दाढीच्या तेलाचाही लोप झाला. शंभर वर्षांनी, २०१० नंतरच्या दशकात, दाढीची रीत पुन्हा जोरात आली आणि तेलाच्या बाटल्याही परतल्या. या वेळी मकासरच्या जागी मोरोक्कोतील अर्गान आणि अमेरिकेच्या वाळवंटातील होहोबा ही नावे आली. होहोबा हे तर खऱ्या अर्थाने तेलही नसून पातळ मेण आहे. देवमाशाच्या तेलाच्या व्यापारास १९७० नंतर अमेरिकेत बंदी झाल्यावर त्याची जागा भरून काढावयास ते पुढे आले. ही द्रव्ये वाईट नाहीत. होहोबा लवकर खवट होत नाही आणि अंगास चिकटही लागत नाही. प्रश्न गुणाचा नसून, त्या गुणासाठी रोजच्या वापरात किती मोजावे याचा आहे.

त्या प्रश्नास आजच्या विज्ञानाचे उत्तर बरेच सरळ आहे. त्वचेतील सूक्ष्म ग्रंथी स्वतःच एक स्निग्ध द्रव स्रवत असतात. दाढी वाढली म्हणजे तो द्रव केसांच्या टोकापर्यंत पुरत नाही, आणि साबणाने तर तो धुऊनच जातो. वरून लावलेले तेल ती उणीव भरून काढते. ओलावा टिकतो, फणी घासत नाही, केस मऊ राहतात आणि त्वचेची खाज कमी होते. तेलाची कामगिरी येथे संपते. दाढी किती दाट यावी हे आनुवंशिकता व शरीरातील संप्रेरके ठरवितात. त्यांवर तेलाची सत्ता चालत नाही. अस्वलाच्या चरबीचीही चालली नव्हती. २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलाने कमी होतो, इतर दोहोंनी तसा होत नाही, असे त्यांस आढळले. खोबरेलातील मुख्य अम्लाचे रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात, अशी त्यांनी उपपत्ती दिली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पण कोकणातील आजीबाईंनी हा निष्कर्ष कंपनीच्याही आधी काढला होता, हेही विसरू नये.

नावाने किंमत बदलते, याचा ताजा दाखला न्यायालयातही मिळाला. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा करासंबंधीचा वाद अनेक वर्षे चालून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. त्यावर केशतेल म्हणून तशी नोंद व जाहिरात असेल तरच ते ठरते, असा त्याचा आशय होता. त्या वेळी खाद्यतेलावर पाच टक्के व केशतेलावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा करही पाच टक्क्यांवर आला. तेल तेच, नारळ तोच. काही वर्षे केवळ नावापायी त्यावर तेरा टक्के अधिक पडत होते.

या सर्व इतिहासातून बेताच्या मिळकतीच्या गृहस्थास रोजच्या दाढीसाठी तेल निवडण्याची रीत आपोआप निघते. प्रथम थेंबांचा हिशेब मांडावा. एका मिलिलिटरात साधारण वीस थेंब येतात. मध्यम दाढीस रोज चार थेंब पुरतात. म्हणजे महिन्यास सहा मिलिलिटर आणि तीस मिलिलिटरची बाटली पाच महिने. बाटलीच्या किमतीस पाचाने भागावे, म्हणजे महिन्याचा खरा खर्च कळतो. कधी तो वाटला होता त्याहून कमी निघतो, कधी जास्त. अलीकडे वेष्टनावर दर मिलिलिटरमागची किंमत छापण्याचा नियम झाला आहे. दोन बाटल्यांची तुलना त्या आकड्यावरून करावी, काचेवरून करू नये.

नंतर घटकांची यादी पाहावी. बहुतेक बाटल्यांत बदाम, तीळ, खोबरेल यांपैकी एखादे तेल मुख्य असते आणि दूरदेशीचे नाव यादीच्या शेवटी सापडते. तसे असेल तर घाण्यावरचे ताजे तिळाचे किंवा बदामाचे तेल, अथवा शुद्ध खोबरेल, हेच काम थोड्या पैशांत करते. खोबरेल सुमारे चोवीस अंशांखाली थिजते. हिवाळ्यात पुण्यानाशकाकडे बाटली क्षणभर तळहातांत धरली म्हणजे झाले. मोहरीचे तेल चेहऱ्याच्या त्वचेस झोंबते, म्हणून दाढीस नको. सुवासाची हौस असेल तर ती अवश्य भागवावी, पण सुगंधी अर्क काहींच्या त्वचेस सोसत नाहीत. यास्तव नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. आणि दाढीखाली कोंडा व लाली असेल तर तेल वाढवू नये. तेथील सूक्ष्म बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते. अशा वेळी वैद्य गाठणे स्वस्त पडते.

एवढे करूनही कोणास सुरेख बाटली घ्यावीशी वाटली, तर त्यात पाप नाही. प्लिनी कितीही रागावला तरी रोममधील अत्तरांची दुकाने बंद पडली नाहीत. मात्र आपण तेलाचे किती देत आहोत आणि हौसेचे किती देत आहोत, हे घेणाऱ्यास ठाऊक असावे. हौस जाणून केली तर ती हौस राहते. न जाणता केली तर ती फसगत होते.

सव्वातीन हजार वर्षांपूर्वी जे कारागीर मंदिरामागे जाऊन बसले, त्यांनी सुवर्णपात्रातले तेल मागितले नव्हते. त्यांनी मागितले ते रोजचे, साधे, हक्काचे तेल. ते अंगास लावून मनुष्याने माणसांत मान वर करून बसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे त्यांचे थकलेले धान्य चुकते झाले आणि ते कामावर परतले. दाढीचे तेल निवडताना त्या कारागिरांची यादी आठवावी. वस्त्र, तेल, मासळी, भाजी: त्या यादीत तेलाचे नाव आहे, बाटलीचे नाही.